पोस्टरपाशी कोणी थांबेल का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोस्टर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा सिनेमाच येतो. भिंतीवर खळीनं चिकटवलेला, नायक-नायिकेचे चेहरे असलेला मोठा कागद. आज मी ज्या पोस्टरविषयी बोलणार आहे, त्यात नायकही नाही आणि नायिकाही नाही. ते आहे वैज्ञानिक परिषदेतलं पोस्टर. पाहण्याच्या वस्तूविषयी रेडिओवरून बोलायचं म्हणजे थोडी पंचाईतच आहे. तेव्हा श्रोतेहो, माझ्यासाठी एक मोठं सभागृह डोळ्यांपुढं आणा.

सभागृहात लाकडी किंवा कापडी फळ्यांच्या रांगा लावल्या आहेत. प्रत्येक फळ्यावर एक मोठा छापील कागद टाचला आहे आणि प्रत्येक कागदाशेजारी एक तरुण किंवा तरुणी उभी आहे. हातात चहाचा कप घेतलेली दीडदोनशे माणसं रांगांमधून फिरताहेत. कोणी थांबतं, कोणी नुसतं शीर्षक वाचून पुढं जातं. हा सगळा मामला दीड-दोन तासांचा. तेवढ्या वेळात त्या मुला-मुलीला आपलं दोन-तीन वर्षांचं काम अनोळखी माणसांपुढं मांडायचं असतं. त्यासाठी ती रात्रभर रेल्वेनं प्रवास करून आलेली असते. कागदाची नळी गर्दीत चेमटू नये म्हणून ती मांडीवर धरून बसलेली असते.

ही पद्धत फार जुनी नाही. पूर्वी परिषदेत निबंध वाचले जात आणि बाकीचे ऐकत. संशोधकांची संख्या वाढली, तसे तास अपुरे पडू लागले. साठीचं दशक संपता संपता युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी पोस्टर लावायला सुरुवात केली. अमेरिकेत १९७४ साली मिनियापोलिस इथल्या परिषदेत तो प्रयोग झाला आणि मग जगभर रुळला. आज मोठ्या परिषदांत हजारो पोस्टर्स लागतात. व्यासपीठावरून बोलण्याची संधी थोड्यांनाच मिळते. बहुतेक तरुण संशोधकांची विज्ञानाच्या जगाशी पहिली भेट या फळ्यापाशीच होते.

माझीही तिथंच झाली. पण ती भेट कशी झाली, ते सांगायला आजही थोडा संकोच वाटतो. तेव्हा संगणक नव्हते. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसणाऱ्या धुळीवर मी काम करत होतो. परिषदेचं पत्र आलं, तेव्हा मी माझा निबंध टंकलेखन यंत्रावर दोन ओळींत जास्त अंतर ठेवून पुन्हा टाइप करून घेतला. ती चौदा पानं फळ्यावर ओळीनं टाचण्यांनी लावली, वर स्टेन्सिलनं शीर्षक काढलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. पहिला तास गेला, कोणी थांबलं नाही. शेजारच्या फळ्यापाशी मात्र घोळका होता. मला वाटलं, आपला विषयच कमी महत्त्वाचा असावा.

शेवटी एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांनी चष्मा वर केला, पहिल्या पानावरून नजर फिरवली, मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “बाळ, या सगळ्यातून तुला सापडलं काय?”

मी म्हणालो, “सर, धूळ बसलेल्या पानांत हरितद्रव्य कमी होतं. धुतलेल्या पानांशी तुलना करून पाहिलंय.”

“अस्सं! मग हे लिहिलंय कुठं?”

मी शोधू लागलो. ते वाक्य अकराव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत होतं. आणि अकरावं पान माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर लागलं होतं.

त्या दिवशी मला जे कळलं, तेच आज सांगायचं आहे. पोस्टर म्हणजे भिंतीवर लावलेला निबंध नव्हे. निबंध वाचणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि त्यानं वाचायचं ठरवलेलं असतं. पोस्टर पाहणारा उभा असतो, चालत असतो आणि त्यानं काहीच ठरवलेलं नसतं. त्याला थांबवायचं, एक गोष्ट सांगायची आणि बोलतं करायचं, एवढंच पोस्टरचं काम.

आणि एक माणूस थांबला, तरी ते पुरेसं असतं. २०२० साली आपण सगळ्यांनी ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द ऐकला. नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्यात करोनाच्या विषाणूचा अंश आहे का, हे त्या चाचणीत कळायचं. तिच्या मुळाशी असलेली पीसीआर ही पद्धत, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याची युक्ती, कॅलिफोर्नियातल्या सीटस या कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिस यांना १९८३ साली सुचली. सहकाऱ्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. १९८४ मध्ये कंपनीच्याच वार्षिक सभेत त्यांनी ती एका पोस्टरवर मांडली. त्या पोस्टरपाशी जोशुआ लेडरबर्ग आले. १९५८चे नोबेल मानकरी, मोठा माणूस. म्युलिस यांनी पुढं लिहिलं आहे की लेडरबर्ग यांनी पोस्टर लक्षपूर्वक पाहिलं, हे खरंच चालतं का असं विचारलं आणि होकार मिळाल्यावर, हे आपल्याला कसं सुचलं नाही, असा त्यांचा चेहरा झाला. म्युलिस यांना १९९३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते पोस्टरमुळं मिळालं, असं मी अजिबात म्हणत नाही. पण कोणी दाद देत नसताना एका जाणत्या माणसाचं थांबणं किती बळ देतं, हे त्यावरून कळतं.

मग माणूस थांबावा म्हणून काय करायचं? सगळ्यात आधी संगणक बंद ठेवायचा आणि एका कागदावर एकच वाक्य लिहायचं: मला काय सापडलं?

समजा, एका विद्यार्थिनीनं खार जमिनीतल्या भातावर काम केलं आहे. कोकणात खाडीकाठी आणि गोव्याच्या खाजणात भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं. तिथं पूर्वापार काही वेगळे वाण घेतले जातात. गोव्यातलं कोरगुट हे त्यातलंच. आता समजा, या मुलीनं आठ वाण मिठाच्या पाण्यात रुजवून पाहिले आणि त्यातले दोन टिकले. तिच्या पोस्टरवर शीर्षक काय येईल? नव्वद टक्के वेळा येईल ते असं: ‘किनारपट्टीवरील खार जमिनीतील निवडक स्थानिक भातवाणांच्या क्षारसहनशीलतेचा तुलनात्मक रूपशास्त्रीय व जैवरासायनिक अभ्यास’. यात चूक काहीच नाही, पण बातमीही काहीच नाही. त्याऐवजी ‘खाऱ्या पाण्यातही रुजणारे भाताचे दोन वाण’ असं लिहिलं, तर शेतीशी संबंध नसलेला माणूसही क्षणभर थबकेल. काय केलं, यापेक्षा काय मिळालं, हे शीर्षकात यायला हवं.

पुढची पायरी वगळण्याची, आणि तीच सर्वांत अवघड. तीन वर्षांत घेतलेल्या प्रत्येक मोजमापावर आपला जीव जडलेला असतो. सगळं घालावंसं वाटतं. पण प्रवासाला निघताना आई सगळंच ट्रंकेत भरू लागली की वडील म्हणायचे, “उचलायचं कोणी?” इथं उचलायचं असतं वाचणाऱ्याला. पाच-सहाशे शब्द पुष्कळ झाले. प्रश्न काय होता, तो कसा तपासला, काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय, एवढ्या चार गोष्टी. लांबलचक प्रस्तावना, पंचवीस संदर्भ आणि आभारांची मोठी यादी बाजूला ठेवावी. विचारलं तर सांगता येतं.

आता थोडं आकारमानाचं. पोस्टरसाठी बहुधा ए-झिरो हा कागद वापरतात. त्याची लांबी ११८९ मिलिमीटर आणि रुंदी ८४१ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाच्या सोळापट. त्यामुळं एक सोपी परीक्षा घेता येते. छापायला देण्याआधी सगळं पोस्टर एका ए-फोर कागदावर छापून पाहा. लांबी-रुंदी एक चतुर्थांश होते, म्हणून २४ पॉइंटचं अक्षर सहा पॉइंटचं होतं, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींइतकं. ते हातात धरून वाचता आलं, तर मूळ पोस्टर दीड मीटरवरून वाचता येईल. नाही आलं, तर अक्षर लहान आहे आणि मजकूर जास्त आहे. शीर्षकाचं अक्षर निदान इंचभर, म्हणजे ७२ पॉइंटच्या पुढं हवं, कारण ते चार-पाच मीटरवरून वाचलं जायचं असतं. मुख्य आकृती डोळ्यांच्या उंचीवर हवी. गुडघ्यापाशी काय होतं, ते मी सांगितलंच आहे.

आकृतीचंही तसंच. चाळीस आकड्यांचा तक्ता उभ्यानं कोणी वाचत नाही. त्याच आकड्यांचा आलेख काढला, तर दोन वाण वर आणि सहा वाण खाली, हे एका नजरेत दिसतं. वाणांची नावं आलेखातल्या रेषांजवळच लिहावीत. बाजूला रंगांची यादी दिली की माणसाची नजर दहा वेळा इकडून तिकडं फिरते. रंग निवडताना एक गोष्ट विसरू नये. लाल आणि हिरवा यांतला फरक पुष्कळ पुरुषांना नीट दिसत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण बारांत एक आहे. आपल्याकडं ते कमी असलं, तरी सभागृहात अशी माणसं असतातच. लाल-हिरव्याऐवजी निळा आणि नारिंगी घेतला की प्रश्न मिटला.

आणि मग आपण पोहोचतो छपाईच्या दुकानात. इथं सावध राहायला हवं. आपल्याकडं पोस्टर बहुतेक वेळा छापलं जातं ते फ्लेक्सवाल्याकडं. तो बिचारा दिवसभर दादा-भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापत असतो. तुमचं पांढरं, मोकळं पोस्टर पाहून त्याला दया येते. “सर, मागं जरा निळा-जांभळा शेड टाकू का? अक्षरांना सावली देऊ? कोपऱ्यात फुलं?” मोफत करून देतो, असंही म्हणतो. त्याला नम्रपणे नको म्हणावं. रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नसते. गाण्यात दोन सुरांमधली विश्रांती असते, तशी ती नजरेची विश्रांती असते. मोबाइलवरून पाठवलेलं छायाचित्र पडद्यावर झकास दिसतं, पण मीटरभर कागदावर फाटून येतं. तेव्हा मूळ छायाचित्रच द्यावं आणि एकदा नमुना छापून पाहावा.

पोस्टरमध्ये नेमकं किती असावं, यावर अलीकडं चांगलाच वाद झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माईक मॉरिसन या तरुणानं एक व्हिडिओ केला. त्याचं म्हणणं असं की पोस्टरच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत एकच निष्कर्ष लिहा. बाकी तपशील बाजूच्या पट्टीत द्या आणि पूर्ण निबंधासाठी मोबाइलनं टिपायची क्यूआर खूण ठेवा. ही कल्पना जगभर पसरली. काहींनी ती उचलून धरली. काहींनी म्हटलं की यानं पोस्टर जाहिरातीचा फलक होतं आणि निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा आहे तोच कोपऱ्यात जातो. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एक वाक्य हवंच, पण त्याच्या शेजारी ते सिद्ध करणारी एक आकृतीही मोठी हवी. वाक्यानं माणूस थांबतो, आकृतीनं त्याची खात्री पटते.

एवढं करूनही अर्धं काम उरतंच, ते शेजारी उभं राहण्याचं. कित्येक विद्यार्थी पोस्टरच्या बरोबर समोर उभे राहून ते झाकून टाकतात. कित्येक जण कोणी आलं की पहिल्या ओळीपासून वाचून दाखवू लागतात. समोरच्यालाही वाचता येतं! बाजूला उभं राहावं. एका मिनिटात सांगता येईल एवढंच तयार ठेवावं. आणि मग विचारावं, “आपण कशावर काम करता?” त्या प्रश्नानं गप्पा सुरू होतात. कोणी चूक दाखवली, तर तोंड पाडू नये, वहीत टिपून घ्यावी. निबंध छापून आल्यावर दाखवलेली चूक महागात पडते. पोस्टरपाशी दाखवलेली चूक ही भेट असते.

आपल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत आता दरवर्षी अनेक मुलं-मुली पोस्टर घेऊन उतरतात. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत तर चौथी-पाचवीतली लेकरंही उभी असतात. त्यांचे शिक्षक, आई-वडील हे ऐकत असतील, तर त्यांना एवढंच सांगेन की कागद रंगवायला घेण्याआधी मुलाला समोर बसवा आणि माझ्या त्या वयस्कर गृहस्थांचा प्रश्न विचारा. उत्तर एका वाक्यात आलं, तर पोस्टर तयार झालंच म्हणून समजा. उत्तर आलं नाही, तर अजून रंगपेटी उघडायची वेळ झालेली नाही.

त्या गृहस्थांचं नाव विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं. ते पुढच्या रांगेत गेले, तेव्हा मी अकरावं पान काढलं आणि सगळ्यात वर, शीर्षकाच्या खाली लावलं. उरलेल्या अर्ध्या तासात चार माणसं थांबली.