‘सुतार’ या शब्दाचे कूळ



धर्मापुरीस केदारेश्वराचे उत्तर चालुक्यकालीन मंदिर आहे. त्याच्या कोरीव भिंतींसमोर उभे राहिले की, एवढे दगड एका रेषेत कसे बसविले असतील, हा प्रश्न मुलांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर गावातल्याच एका शब्दात दडले आहे. तो शब्द म्हणजे ‘सुतार’.

सुतार म्हणजे लाकूडकाम करणारा, एवढा अर्थ मुलांस ठाऊक असतो. परंतु मूळ शब्दात ना लाकूड आहे, ना करवत. संस्कृत ‘सूत्रधार’, प्राकृत ‘सुत्तहार’, मराठी ‘सुतार’ असा त्याचा प्रवास झाला. सूत्र म्हणजे दोरा. तो धारण करणारा तो सूत्रधार. पूर्वी मंदिरे व वास्तू उभारणाऱ्या शिल्पज्ञांस ही संज्ञा लावीत. १५व्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयास असलेला वास्तुशास्त्रज्ञ ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

हा दोरा कशासाठी? गेरूच्या पाण्यात भिजविलेला दोरा लाकडाच्या दोन्ही टोकांशी ताणून धरावयाचा व मध्ये उचलून सोडावयाचा. लाकडावर सरळ रेघ उमटते. करवत तिच्या मागून चालते. आधी माप, मग घाव, हा या विद्येचा क्रम होय. सुतारांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागास ‘सूत’ म्हणतात. तेवढी चूक झाली तरी चौकट नीट बसत नाही.

शब्दांचे कूळ शोधतानाही असेच माप हवे. ‘करवत’ संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आली, तर तिच्या शेजारचा ‘रंधा’ फारसीतून आला. केवळ उच्चार जुळतो म्हणून ‘सुतार’ शब्दात ‘तार’ शोधणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

वर्गात एखाद्या मुलाच्या घरी सुतारकाम चालते आणि ते सांगावयास तो संकोचतो, असे शिक्षकास अनेकदा आढळते. अशा वेळी ‘सूत्रधार’ हा शब्द फळ्यावर लिहावा, दोऱ्यास खडूची पूड लावावी आणि त्याच मुलाच्या हातून फळ्यावर सरळ रेघ उमटवून घ्यावी. भूमितीचा पाठ तेथूनच सुरू करावा. आपल्या घरच्या विद्येचे मोल त्या मुलास कळेल आणि इतरांसही कळेल.