लसीका : रक्ताची परतीची वाट

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून केशवाहिन्यांत येते आणि तिथून निलांच्या मार्गाने हृदयाकडे परतते. शाळेत शिकवले जाणारे हे वर्तुळ बरोबर असले, तरी त्यात एक तुकडा कमी आहे. केसाहूनही बारीक असलेल्या केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी, क्षार, ग्लुकोज आणि थोडी प्रथिने सतत बाहेर झिरपत असतात. पेशींचे पोषण या झिरपलेल्या द्रवावरच चालते. पेशींच्या फटींत साचणाऱ्या या द्रवाला ऊतकद्रव म्हणतात. हा द्रव रक्तात परत गेला नाही, तर एकीकडे अंग सुजत जाईल आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या रिकाम्या पडत जातील. परतीची ही वाट म्हणजे लसीकासंस्था. तिच्या नळ्यांत शिरलेल्या ऊतकद्रवालाच लसीका हे नाव आहे.

द्रव किती झिरपतो, याचा हिशोब पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे ठरावीक पद्धतीने दिला जात असे : दिवसाकाठी सुमारे २० लिटर बाहेर पडतो, त्यातला १७ लिटर केशवाहिन्याच परत शोषून घेतात आणि उरलेला ३ लिटर लसीकेतून परततो. हा हिशोब ज्या विचारावर उभा आहे, तो इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली मांडला. रक्ताचा दाब द्रवाला बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने त्याला आत ओढतात, असा तो विचार. पुढच्या संशोधनाने त्यात दुरुस्ती केली. बहुतेक अवयवांतील केशवाहिन्या झिरपलेला द्रव सतत परत शोषत नाहीत, हे आता मान्य झाले आहे. म्हणजे परतीचा भार लसीकेवर पूर्वी वाटे त्याहून अधिक पडतो. जुना ३ लिटरचा आकडा धरला, तरी तो लहान नाही. प्रौढ माणसाच्या अंगात सगळा मिळून रक्तद्रव जेमतेम तेवढाच असतो. शिवाय बाहेर निसटलेल्या प्रथिनांना रक्तात परतायला लसीकेवाचून दुसरा मार्ग जवळजवळ नाही.

लसीकेच्या सर्वांत बारीक नळ्या एका टोकाला बंद असतात. ऊतकांत त्या बोटांच्या टोकांसारख्या संपतात. त्यांची भिंत एकाच पेशीइतक्या जाडीची असते आणि शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. या पेशी बारीक तंतूंनी भोवतालच्या ऊतकाला बांधलेल्या असतात. द्रव साचून ऊतक फुगले, की तंतू ताणले जातात, कडा विलग होतात आणि द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला, की त्याच कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन वाट बंद होते. रक्ताच्या केशवाहिनीत सहजी न शिरणारे मोठे प्रथिनरेणू, मेलेल्या पेशींचे तुकडे आणि जिवाणू या वाटेने आत जाऊ शकतात.

लसीकेला ढकलायला हृदय नाही. बारीक नळ्या मिळून मोठ्या वाहिन्या बनतात आणि त्यांत थोड्याथोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधल्या तुकड्याच्या भिंतीत स्नायू असतात. ते मिनिटाला काही वेळा आपणहून आकुंचन पावतात आणि द्रव पुढच्या तुकड्यात सरकतो; झडप मिटल्यामुळे मागे येऊ शकत नाही. चालताना पोटरीच्या स्नायूंचा दाब, शेजारच्या रोहिणीचे ठोके आणि श्वासागणिक छातीत कमीजास्त होणारा दाब यांची या कामात भर पडते. एसटीने रात्रभर नागपूर ते पुणे प्रवास केलेल्या माणसाच्या पायावर सकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो, घोटे जड वाटतात. तासन् तास पाय लोंबकळत राहिल्याने निलांतला दाब वाढून झिरप वाढते आणि पोटरी न हलल्याने परतीचा प्रवाह मंदावतो. थोडे चालले, रात्री पाय उशीवर ठेवून झोपले, की ही सूज उतरते.

दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू येथील लसीका शेवटी वक्षवाहिनीत गोळा होते. ही मुख्य वाहिनी पोटात कण्यासमोर सुरू होऊन छातीतून वर चढते. तिची लांबी साधारण ४० सेंटीमीटर असते. गळ्याच्या पायथ्याशी, डाव्या बाजूला, मान आणि हात यांच्या निला जिथे मिळतात तिथे ती रक्तात रिकामी होते. उजवा हात आणि डोके, मान व छाती यांची उजवी बाजू एवढ्याच भागाची लसीका उजवीकडच्या आखूड वाहिनीतून रक्तात जाते.

या वाहिन्या माणसाच्या नजरेला आल्या त्या आतड्यातल्या चरबीमुळे. १६२२ साली इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारो आसेल्ली यांनी नुकत्याच भरपेट खाल्लेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यात पांढऱ्या धाग्यांचे जाळे दिसले. धागा कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. १६५१ साली फ्रान्सच्या झाँ पेके यांनी वक्षवाहिनीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा पांढरा द्रव यकृताकडे न जाता थेट रक्तात जातो, हे दाखवले. त्यानंतर लवकरच स्वीडनचे ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचे थॉमस बार्थोलिन यांनी अशा वाहिन्या शरीरात इतरत्रही असल्याचे सांगितले.

तो दुधाळ रंग चरबीचा होता. भाकरी-भातातील पिष्टाची साखर आणि डाळीतील प्रथिनांचे घटक आतड्यातून रक्तात शिरून यकृताकडे जातात. तेला-तुपातील बहुतांश स्निग्धाम्ले मात्र आतड्याच्या पेशींत पुन्हा चरबीच्या रूपात जोडली जातात, त्यांचे प्रथिनांनी वेढलेले सूक्ष्म गोळे बनतात, आणि रक्ताच्या केशवाहिनीत मावत नसल्याने ते लसीकेची वाट धरतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही त्यांच्यासोबत जातात. जेवणानंतर काही तास वक्षवाहिनीतून वाहणारी लसीका म्हणूनच पांढरट असते.

लसीका रक्तात पोचण्याआधी तिची तपासणी होते. वाहिन्यांच्या वाटेवर शेंगदाण्यापासून वालाच्या दाण्याएवढ्या लसीकाग्रंथी असतात. सगळ्या शरीरात मिळून त्यांची संख्या काहीशे असते. मान, काख, जांघ, छातीचा मध्यभाग आणि पोट येथे त्यांचे पुंजके असतात. ग्रंथीत अनेक वाहिन्या शिरतात आणि एक-दोनच बाहेर पडतात, त्यामुळे आत प्रवाह संथ होतो. तेथील भक्षक पेशी जिवाणू गिळतात. त्वचेतून आलेल्या शाखायुक्त पेशी जंतूंचे तुकडे टी-लसीकापेशींना दाखवतात. ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा ओळखता येतो, त्या झपाट्याने वाढतात. बी-लसीकापेशी त्यांच्या मदतीने प्रतिपिंडे तयार करू लागतात. शरीरात विखुरलेल्या लाखो वेगवेगळ्या लसीकापेशींपैकी नेमक्या हव्या त्या पेशीची जंतूशी गाठ पडावी, अशी जागा म्हणजे ही ग्रंथी.

अनवाणी चालताना टाचेत काटा मोडला आणि जखम चिघळली, की दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिलाच अवधाण म्हणतात. पायाच्या लसीकेतून आलेल्या जंतूंशी झगडताना तिथल्या ग्रंथीतील पेशी वाढतात आणि ग्रंथी फुगते. कधी जखमेपासून वर चढत गेलेली लाल रेघ कातडीवर दिसते. ती सुजलेल्या लसीकावाहिनीची खूण असते. अशा वेळी गाठीवर लेप लावत बसण्याऐवजी जखमेवर उपचार व्हायला हवा. रेघेबरोबर ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. लसही याच यंत्रणेचा उपयोग करून घेते. नवजात बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात, आणि काही बाळांच्या डाव्या काखेत पुढे लहानशी गाठ हाताला लागते, ती याच कारणाने.

ग्रंथीची तटबंदी प्रत्येक वेळी टिकतेच असे नाही. १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेगची साथ आली. पिसू बहुधा पायाला चावे, जंतू लसीकेतून जांघेत पोचत आणि ग्रंथीतच वाढून ती कोंबडीच्या अंड्याएवढी सुजे. अशाच गाठीतील द्रवातून अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला होता. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावरची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. क्षयाचे जंतूही भक्षक पेशींच्या पोटात जिवंत राहतात. मानेत ओळीने येणाऱ्या, फारशा न दुखणाऱ्या आणि पुढे फुटून वाहणाऱ्या गाठी, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ, हा बहुतेक वेळा ग्रंथींचा क्षय असतो. तो औषधांनी बरा होतो.

कर्करोगाच्या पेशीही याच वाटा वापरतात. स्तनाची लसीका मुख्यतः काखेत जाते, म्हणून स्तनाच्या कर्करोगात काखेची तपासणी अपरिहार्य ठरते. गाठीभोवती रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव टोचून लसीका ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते ती शोधतात आणि तपासतात. तिच्यात कर्करोग नसला, तर काखेतील बाकीच्या ग्रंथी बहुधा वाचवता येतात. वक्षवाहिनी डाव्या हासळीच्या हाडामागे संपत असल्यामुळे जठराच्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी तिथल्या गाठीत मिळते.

लसीकेच्या परिवारात आणखी काही अवयव मोडतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत टी-पेशी तयारीच्या होतात. ही ग्रंथी बालपणात मोठी असते आणि तारुण्यानंतर आक्रसत जाते. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा लसीकेऐवजी रक्त गाळते आणि सुमारे १२० दिवस जगलेल्या जुन्या तांबड्या पेशी मोडीत काढते. घशातील टॉन्सिल आणि आतड्याच्या भिंतीतील लसीकापुंज अन्न व श्वास यांच्या वाटेवर पहारा करतात. मेंदूला लसीकावाहिन्या नाहीत असे बराच काळ मानले जाई. २०१५ साली अमेरिका आणि फिनलंडमधील संशोधकांनी उंदरांत मेंदूच्या आवरणात अशा वाहिन्या असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले. त्यांचे मेंदूच्या विकारांशी असलेले नाते अजून तपासले जात आहे.

परतीची वाट बंद झाली तर काय होते, याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे हत्तीरोग. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांना तो चांगलाच परिचित आहे. गटारे आणि तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास या रोगाच्या जंताची पिल्ले माणसाच्या अंगावर सोडतो. चाव्याच्या जागेतून आत शिरून ती लसीकावाहिन्यांत मोठी होतात. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, दोऱ्यासारखी असते आणि अनेक वर्षे जगते. तिची लाखो सूक्ष्म पिल्ले रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, म्हणजे डास चावण्याच्या वेळेला. म्हणून या रोगाच्या पाहणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जातात, झोपलेल्यांना उठवून बोटाला टोचतात आणि थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून घेतात. सकाळी घेतलेल्या नमुन्यात त्याच माणसाच्या रक्तात बहुधा काही सापडणार नाही.

जंत वाहिन्यांत राहिल्याने त्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि लसीका साचू लागते. लसीका साचलेल्या पायात जिवाणूंना रोखण्याची ताकद उरत नाही. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, भेगा यांतून जिवाणू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लालबुंद होतो. अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढून राहते आणि कातडी जाड, खरबरीत होत जाते. पुरुषांत अंडवृद्धी होते. तिच्यावर शस्त्रक्रिया करता येते. पायाची जुनी सूज मात्र औषधाने पूर्ववत होत नाही. ती काबूत ठेवण्याचा उपाय साधा आहे : रोज साबण-पाण्याने पाय धुणे, बेचके कोरडे करणे, भेगांना मलम लावणे, घोटे हलवत राहणे, रात्री पाय उंचावर ठेवणे. एवढ्याने तापाचे झटके पुष्कळ कमी होतात.

रोगाचा प्रसार थांबवण्यासाठी गावातील सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या दिल्या जातात. आधी डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधे वापरली जात. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम सुरू झाली. लहान बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्यातून वगळतात. धडधाकट माणसाने गोळी का घ्यावी, हा प्रश्न दारोदार विचारला जातो. जंत अंगात असूनही वर्षानुवर्षे काहीच लक्षण न दिसणारी माणसे असतात आणि डास त्यांच्याकडूनच रोग उचलतो, हे त्याचे उत्तर. गोळी घेतल्यावर काहींना ताप किंवा गरगर येते, ती बहुधा रक्तातील जंतांची पिल्ले मरत असल्यामुळे.

परतीची वाट उपचारांमुळेही अडू शकते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढल्यानंतर किंवा तिथे किरणोपचार झाल्यानंतर काही स्त्रियांचा हात सुजतो. तिथे दाबपट्टी, दाबमोजा, प्रशिक्षित हातांनी केलेला हलका मसाज आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी पडतो. निरोगी माणसाची लसीका ‘शुद्ध’ करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांना किंवा यंत्रांना मात्र पुराव्याचा आधार नाही. तिला हवे असते ते चालणे-फिरणे, स्वच्छ त्वचा, पावसाळ्यात कोरडे ठेवलेले पाय आणि जखमेकडे वेळीच लक्ष. गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, टणक व एका जागी रुतलेली वाटली, हासळीच्या हाडावर आली, किंवा सोबत वजन घटणे, रात्री घाम येणे, रेंगाळणारा ताप असे काही असले, तर डॉक्टरांकडून तिची तपासणी करून घ्यावी. सुईने घेतलेल्या थोड्याशा पेशींवरून ती साध्या संसर्गाची आहे, क्षयाची आहे की कर्करोगाची, हे बहुतेक वेळा कळते.