टेन्शन म्हणजे नेमकं काय?



परवा संध्याकाळी ऑफिसातून आले ती तणतणतच. पर्स कोचावर टाकली आणि म्हटलं, "अहो आई, आज नुसतं टेन्शन आलंय." सासूबाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टेन्शन म्हणजे काय गं? राग आलाय, भीती वाटतेय, की दमलीस?"

मी गप्प. त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. पानं खुडता खुडता उलगडत गेलं. दुपारी एका मैत्रिणीचा फोन आला होता, तिच्याशी मी तुटक बोलले होते आणि त्याचीच रुखरुख लागली होती. टेन्शनचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. रुखरुखीचं काय करायचं ते लगेच कळलं. भाजी फोडणीला पडायच्या आत मी तिला फोन लावला.

हल्ली आपण सगळ्याच भावना 'टेन्शन' नावाच्या एकाच डब्यात कोंबतो. खरं तर आपल्या भाषेत केवढे शब्द आहेत! निकालाआधी होते ती धाकधूक. लेक सासरी गेल्यावर लागते ती हुरहूर. निर्णय इकडेही होत नाही, तिकडेही होत नाही, तेव्हा होते ती घालमेल. तेच ते करून येतो तो उबग. धाकधुकीला धीर हवा असतो, हुरहुरीला सोबत, आणि उबगाला एखादी सुट्टी. नाव चुकलं की औषधही चुकतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवायचे आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग करायचं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी व्हायची. धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागांपैकी हा एक. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जोडलं, तर तेवढा फरक पडत नव्हता. म्हणजे भावनेलाच नाव द्यायला हवं.

पण डोकं तापलेलं असताना शब्द कुठला सुचायला? आधी श्वास सावकाश करावा. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्दी यांनी 2001 साली दाखवून दिलं, की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा बौद्ध मंत्र, श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. एरवी तो बारा ते वीस असतो. आजीची माळ आठवली ना? माळ नसली तरी चालेल. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, असं दहा वेळा.

भावनेला नाव देण्यासाठी वेगळा वेळ काढू नका, तो निघत नाही. सकाळी दूध तापवताना आपण गॅसपाशी उभेच असतो. मोबाइल तेवढा बाजूला ठेवावा, सायीखाली धरणारे बुडबुडे बघावेत आणि स्वतःला विचारावं, आत्ता काय वाटतंय? भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशेब मांडतो, त्याखालीच तो एक शब्द लिहावा. चांगलेही लिहावेत: निवांत, हायसं, मजेत. महिनाअखेरीला दुधाबरोबर मनाचाही हिशेब समोर येतो. माझ्या चौकटींत दर रविवारी 'उदास' निघालं. सोमवारची सावली रविवारवर पडते, हे मला तेव्हा उमगलं.

मात्र एकच काळा शब्द दोन आठवडे सलग येत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर कॅलेंडरवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आज सकाळी 'दीड लिटर'च्या खाली मी 'धाकधूक' लिहून निघाले. ती या मायक्रोफोनसमोर बोलण्याची. घरी गेल्यावर ती खोडणार नाही, शेजारी 'हायसं' लिहीन.