गिरणगावातील बाळंतीण

बाळंतपणाची सोय म्हणजे रुग्णालयातील खाट, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही. परंतु किती अपुरी आहे, हे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी बांधलेले कामा रुग्णालय मुंबईत १८८६ साली सुरू झाले. तरीही १९२१ साली शहरात दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, असे दप्तर सांगते. हा आकडा जसाच्या तसा मात्र घेता येत नाही. कित्येक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर आपल्या गावी जात. मुलाचा जन्म तिकडे नोंदला जाई, मृत्यू मात्र मुंबईच्या खाती पडे. परंतु ही वजावट केल्यावरही मागे उरणारे दुःख थोडे नव्हते. चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडांवर त्याचा घाला सर्वांत अधिक होता.

असे का व्हावे? सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत जाण्यापूर्वी आई तान्ह्याला ‘बाळगोळी’ देई. त्या गोळीत अफू असे. कामकरी स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ मुलांना ती दिली जात असल्याचे या अहवालाने नमूद केले. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. भूक लागली तरी रडत नसे. हे निव्वळ अज्ञान नव्हे. खाडा झाला की मजुरी बुडे, आणि मजुरी बुडाली की चूल विझे. आईला माया होती; दिवस मात्र तिचा नव्हता.

तो दिवस तिला मिळवून देण्याचा प्रयत्न ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडून केला. तो फसला. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक आणले. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. प्रसूतीपूर्वी मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा अमलात आला. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, मुंबईत रोज आठ आणे! सारी बेरीज साडेचोवीस रुपयांची. परळला १९२६ साली उघडलेल्या वाडिया प्रसूतिगृहाच्या खाटेइतकेच या साडेचोवीस रुपयांनाही मोल होते. कारण खाटेवर निश्चिंत पडून राहण्याची मुभा त्यांनीच दिली.

१९६१ साली देशभरासाठी असाच कायदा झाला आणि २०१७ साली रजेची मुदत २६ आठवड्यांपर्यंत वाढली. परंतु शेतात राबणाऱ्या आणि परक्या घरची भांडी घासणाऱ्या असंख्य स्त्रियांपर्यंत हा भरपगारी विसावा अद्याप पोचलेला नाही. रुग्णालयाचे दार त्यांच्यासाठी उघडे आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या मजुरीची चिंता त्यांच्याबरोबरच आत येते.