परवाना कोणत्या कामाचा?

नव्या घराची खरी परीक्षा पहिला पाऊस घेतो. वास्तुशांत यथासांग झालेली असते, आप्तेष्टांनी घराची वाखाणणी केलेली असते, आणि आषाढाच्या पहिल्याच झडीत छताच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग उमटतो. आठ दिवसांत तो परातीएवढा होतो. मग भिंतीच्या गिलाव्याचे पोपडे निघू लागतात आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला केसासारखी बारीक चीर दिसू लागते. कंत्राटदाराला निरोप जातो. तो आधी ‘उद्या येतो’ म्हणतो, मग ‘नवे घर थोडे गळायचेच’ म्हणतो, आणि पुढे त्याचा दूरध्वनीच लागेनासा होतो. चौकशीअंती असे कळते की, ज्याच्या फलकावर ‘शासनमान्य’ अशी ठळक अक्षरे होती, त्याच्याजवळचा परवाना भलत्याच कामाचा होता आणि त्याचीही मुदत केव्हाच सरली होती.

ज्याने निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी या घरात घातली, किंवा वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले, त्याची या क्षणी काय अवस्था होत असेल हे सांगावयास नको. शेजारीपाजारी त्याला ऐकवतात, “परवानाच धड नाही, करार तोंडी, आता कोणावर फिर्याद करणार?” ही निराशा अनाठायी आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम परवान्याचाच विचार करू. सरकारी कचेरीत वावरणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कोणताही कागद त्यावर जे लिहिले आहे तेवढेच बोलतो. सार्वजनिक बांधकाम खात्याकडील नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. तिला वर्ग असतो, वर्गाला रकमेची मर्यादा असते आणि नोंदणीला मुदत असते. ज्याला मुंबईकडे ‘गुमास्ता’ म्हणतात तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद, अमुक ठिकाणी अमुक धंदा चालतो एवढेच सांगतो. वस्तू व सेवा कराचा क्रमांक कराचे खाते दाखवतो. हे तिन्ही कागद काचेच्या चौकटीत ओळीने टांगले की पाहणाराला वाटते, या गृहस्थाच्या कौशल्याची सरकारनेच हमी घेतली आहे. वस्तुतः सळया किती अंतरावर बांधाव्यात, याविषयी त्यांपैकी एकही कागद अवाक्षर काढीत नाही.

खाजगी घर बांधणाऱ्या सामान्य कंत्राटदाराची पारख करून त्याला परवाना द्यावा, अशी साऱ्या देशाला लागू असलेली व्यवस्था आपल्याकडे नाही. घराच्या कामातील काही भागांना मात्र अधिकृत माणूस लागतो. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेणाराचे नाव १९७२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक वीज-कंत्राटदारानेच करावे, असा नियम आहे. दिवा किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी त्यातून वगळलेली आहेत. अनेक शहरांतील महानगरपालिका नकाशे आणि बांधकामाची मजबुती पाहणाऱ्या तज्ज्ञांना आपापल्या नियमांप्रमाणे परवाने देतात. म्हणून ‘परवाना आहे काय?’ एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या कामाचा, कोणाच्या नावाचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

याबाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा दाखला उद्बोधक आहे. तेथे १९२९ पासून कंत्राटदारांना परवाने देणारी सरकारी व्यवस्था आहे, आणि कायदा मोठा कडक आहे. परवान्यावाचून काम करणाराला आपल्या मोबदल्यासाठी न्यायालयात दावाच लावता येत नाही. ‘मला परवाना नाही हे घरमालकाला ठाऊक होते’ ही सबबही तेथे चालत नाही. उलट मालकाला दिलेले सारे पैसे परत मागता येतात. २००९ साली तेथील अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, कामात वापरलेल्या मालाची किंमतदेखील त्या रकमेतून वजा करावयाची नाही. काम चांगले झाले की वाईट, हा प्रश्न या मागणीत उद्भवतच नाही. परवाना नव्हता एवढे पुरे होते.

आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्या घरमालकाला परवान्याच्या उणिवेवर विसंबून राहता येत नाही. काम वाईट झाले आणि त्यामुळे आपले नुकसान झाले, हे त्याला दाखवून द्यावे लागते. परंतु याची दुसरी बाजू अशी की, कंत्राटदाराजवळ परवाना नव्हता म्हणून मालकाचा हक्क बुडतो असेही नाही. तो हक्क मुळी परवान्यातून नव्हे, तर दिलेल्या वचनातून उत्पन्न होतो.

हे वचनाचे तत्त्व आपल्या कायद्यात नवे नाही. भारतीय कराराचा कायदा १८७२ सालचा. त्याच्या ७३ व्या कलमात करारभंगाच्या नुकसानभरपाईचा नियम सांगितला असून तो समजावून देण्यासाठी पुढे उदाहरणे जोडली आहेत. त्यांतली दोन घरबांधणीचीच आहेत. पहिल्यात, एकाने आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्याच्या घराची दुरुस्ती केली, पण ठरल्याप्रमाणे केली नाही. अशा वेळी ती दुरुस्ती ठरल्याबरहुकूम करून घेण्यास जो खर्च येईल, तो मालकाला मिळतो. दुसऱ्यात, विशिष्ट तारखेला घर भाडेकरूच्या ताब्यात द्यावयाचे आहे ही गोष्ट बांधणाराला आधी सांगितलेली आहे. घर इतके वाईट बांधले गेले की ते मुदतीपूर्वीच कोसळले. येथे मालकाला पुन्हा बांधण्याचा खर्च मिळतो, बुडालेले भाडे मिळते आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाईही मिळते. ‘आधी सांगितले होते’ हे या उदाहरणाचे मर्म आहे. आपण भाड्याची जागा अमुक महिन्यात सोडणार आहोत, ही गोष्ट कंत्राटदाराला लेखी कळवून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

हक्क आहे खरा, पण तो वसूल करण्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्याच्या कल्पनेनेच सामान्य माणूस हाय खात असे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला दुसरे दार उघडून दिले. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. नसलेली मान्यता आपल्याला आहे असे भासवणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तेव्हा फलकावरील त्या खोट्या ‘शासनमान्य’चा उपयोग येथे होतो. त्या फलकाचे किंवा छापील पत्रिकेचे छायाचित्र पुराव्यात जरूर असावे.

मोबदला म्हणून दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे करावयाची, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगापुढे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील द्यावाच लागतो असे नाही. आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. पूर्वी प्रतिपक्ष जेथे असे किंवा काम जेथे झाले असे, तेथेच जावे लागे. आता तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही जाता येते. इंदूरला किंवा दिल्लीला नोकरी करून सांगलीकडच्या आपल्या गावी घर बांधणाऱ्या माणसाला हा केवढा आधार आहे!

इमारतीतील सदनिका विकत घेणारांसाठी स्थावर संपदेचा २०१६ चा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष नजरेस आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. न केल्यास खरेदीदार भरपाईस पात्र होतो. परंतु स्वतःच्या भूखंडावर कंत्राटदाराकरवी घर बांधून घेणाराला या कायद्याचे छत्र नाही. त्याने ग्राहक आयोगाचा किंवा दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा. बनावट परवाना दाखवून फसवणूक झाली असेल तर पोलिसांकडेही जाता येते. मात्र शिक्षा हा त्या मार्गाचा मुख्य हेतू, गळके छत दुरुस्त होणे हा नव्हे.

आता पुराव्याविषयी. दोष दिसताच रागाच्या भरात गिलावा फोडून नवा मिस्त्री लावू नये. जे फोडले ते पुन्हा दाखवता येत नाही. तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, कंत्राटदाराला नोंदणीकृत डाकेने दोष कळवावेत आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. तिकडून उत्तर आले नाही, तर त्रयस्थ इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्यावा. चीर आहे एवढेच त्यात असून चालत नाही. ती कशामुळे पडली आणि नीट करण्यास किती खर्च येईल, हे त्यात हवे. करार तोंडी असला तरी बँकेतून दिलेल्या रकमा, सिमेंट-सळईच्या पावत्या आणि दूरध्वनीवरील लेखी निरोप यांतून तो सिद्ध होऊ शकतो.

मात्र कज्जा जिंकण्यापेक्षा तो टळणे केव्हाही बरे. कोऱ्या कागदावर का होईना, पण करार लिहावा: कोणते काम, कोणता माल, किती मुदत, कोणत्या टप्प्याला किती पैसे. पैसे कामाच्या मागून जावेत, पुढे नव्हे. आणि शेवटचा काही भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. स्लॅबवर पाणी मारण्याचे साधे उदाहरण घ्या. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा राहिला पाहिजे. कोरड्या, उष्ण हवेत त्याहूनही अधिक काळ. हे कलम करारात असले आणि घरातील कोणी रोज वहीत तशी नोंद केली, तर अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत.

असा लेखी व्यवहार प्रामाणिक कंत्राटदारालाही जाचक वाटण्याचे कारण नाही. मालक ऐनवेळी कामे वाढवतो आणि पैसे देताना हात आखडतो, ही त्यांचीही रास्त तक्रार असते. तिच्यावरही उतारा हाच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हातात ओळंबा धरला असे कसबी गवंडी आजही पुष्कळ आहेत, आणि खोट्या फलकवाल्यांमुळे पहिली झळ त्यांच्याच रोजीला लागते.

ज्यांच्या घरात आज ओल आली आहे, त्यांना शेवटी एकच विनंती. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कंत्राटदाराच्या ‘उद्या येतो’ या शब्दावर ती थांबून राहत नाही. तेव्हा आजची तारीख लिहून ठेवा, आणि पहिले पत्र उद्याच डाकेत टाका.