रिजवरची हिरवाई आणि जंगल

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



गुजरातेत आरंभ होणारी अरवलीची प्राचीन डोंगररांग हरियाणातून दिल्लीत शिरते आणि वझीराबादजवळ यमुनेकाठी लुप्त होते. दिल्लीत तिला ‘रिज’ म्हणतात. १९९४ साली तिचे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली. राष्ट्रपती भवनामागच्या किंवा विद्यापीठाशेजारच्या रिजकडे उंचावरून पाहणाऱ्यास ती हिरवीगार दिसते. पण जे जे हिरवे ते ते जंगल असते काय? परिस्थितिविज्ञानाच्या प्राथमिक कल्पना समजून घेण्यास हा एक प्रश्न पुरेसा आहे.

‘परिसंस्था’ ही कल्पना १९३५ साली टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडली. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतील झाडाझुडपांची व प्राण्यांची मोजदाद नव्हे. सजीवांचे परस्परांशी आणि माती, पाणी, हवा यांच्याशी असलेले संबंध हा तिचा गाभा होय. रिजवरचे मूळचे वन धौ (हा आपल्याकडील धावड्याचा भाऊबंद), पळस, हिवर, बोर, नेपती अशा काटक वनस्पतींचे. त्यांची पानगळ होते, वाळवी आणि बुरशी त्या पाचोळ्याचे विघटन करतात आणि खडकावर मातीचा पातळ थर साचत जातो. पावसाचे पाणी त्या थरात मुरून खडकाच्या भेगांवाटे भूगर्भात उतरते. बोरे कोल्हा खातो व त्याच्या विष्ठेतून बी दूरवर पडते. या साखळीतील एक दुवा निखळला की त्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी प्रकट होतो.

तो दुवा येथे कसा निखळला? १९११ साली राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाल्यावर रायसीना, मालचा इत्यादी गावांच्या जमिनी ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतल्या. साम्राज्याच्या नव्या वास्तूंना हिरवी पार्श्वभूमी हवी होती. रिज उजाड झाल्याचा ठपका गुराख्यांवर ठेवून चराई बंद करण्यात आली आणि झाडांची लागवड सुरू झाली. त्या झाडांत अमेरिका खंडातून आणलेली, झपाट्याने वाढणारी एक जात होती. दिल्लीत तिला विलायती कीकर म्हणतात, महाराष्ट्रात वेडी बाभूळ.

या झाडाचे यश थक्क करणारे आहे. मुळे खोलवर जातात. तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. पाला जनावरे सहसा तोंडी लावत नाहीत, शेंगा मात्र गोड. गुरे व नीलगाई त्या खातात आणि बी न पचता शेणावाटे, म्हणजे खतासहित, नव्या जागी पडते. पाचोळ्यातील द्रव्यांमुळे इतर वनस्पतींच्या बियांची उगवण खुंटते. जातीजातींमधील स्पर्धा ती ही अशी. परिणामी रिजच्या फार मोठ्या भागावर आज याच एका झाडाचे राज्य आहे.

अशा रानाला जंगल समजण्याची किंमत काय, हे माकडांनी दाखवून दिले. २००७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शहरातील माकडे पकडून दक्षिणेकडील असोला-भट्टी अभयारण्यात सोडण्यात येऊ लागली. कागदोपत्री ते अरण्यच होते. पण वेड्या बाभळीच्या रानात माकडांना पुरतील एवढी फळे कोठून येणार? सरकारला फळे व भाजीपाला गाड्या भरून पोचवावा लागला. तरीही माकडे भोवतालच्या वस्त्यांत शिरत राहिली.

याच अभयारण्याच्या भट्टी भागात पूर्वी ‘बदरपूर’ नावाच्या जाड वाळूच्या खाणी होत्या. राजधानीच्या बांधकामांत ती वाळू ओतली गेली. ती खणणाऱ्या मजुरांत ओड समाजाचे लोक होते. माती खणणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १९९१ साली हे क्षेत्र अभयारण्यात समाविष्ट झाले आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील मजूर वस्त्या हलविण्याचा आदेश दिला. ज्या इमारतींत वाळू गेली त्यांतील कोणासही मात्र हलावे लागले नाही.

उघडा पडलेला खडक पुन्हा वन होऊ शकतो काय? होऊ शकतो, पण क्रमाक्रमाने: आधी गवत, मग झुडपे, मग वृक्ष. शास्त्रात यास अनुक्रमण म्हणतात. गुरुग्राम येथे २०१० पासून जुन्या खाणींच्या जागी अरवली जैवविविधता उद्यान उभे राहिले. तेथे धौसारखी स्थानिक झाडे लावण्यात आली. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांचा आग्रह असा की, वेडी बाभूळ एका दमात उपटून टाकू नये. फांद्या छाटून आत उजेड येऊ द्यावा, खाली स्थानिक झाडे व वेली रुजवाव्यात. ती वर आली की सावलीत बाभूळ आपोआप मागे पडेल. ही सावधगिरी सर्वस्वी योग्य आहे, कारण कशीही असली तरी आज तेथील माती तिनेच धरून ठेवली आहे आणि पाखरांना आसराही तिचाच आहे.

योजना आखताना आणखी एक संबंध हिशेबात धरावा लागेल. रिजच्या कडेच्या वस्त्यांतील स्त्रिया चुलीसाठी याच बाभळीच्या वाळक्या फांद्यांच्या मोळ्या बांधून नेतात. धौचे लाकूडही उत्तम जळते. पण तो वृक्ष फार सावकाश वाढतो.