इम्प्लान्ट बसवायचं की नाही?

शिरूर-दौंडच्या श्रोत्यांसमोर ट्रान्स पुरुषांच्या, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेल्या पुरुषांच्या, शिश्नातल्या इम्प्लान्टचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक विषयांवर उघड बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते आपल्याच भाषेत. मग आज आपण तरी का बिचकायचं?

माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे तुम्हाला ठाऊक आहेत. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पुढे लग्न झालं, २०२४ मध्ये मुलगा झाला. तपासणीत त्यांच्यात वाय गुणसूत्र आढळलं होतं, म्हणून त्यांची गोष्ट ट्रान्स पुरुषांहून थोडी निराळी. पण बातमी वाचून पारावर जी कुजबुज होते, ‘पण जमतं का?’, ती दोघांच्याही वाट्याला येते. साळव्यांचं खासगी आयुष्य आपला विषय नव्हे. या प्रश्नाचं ओझं वाहणाऱ्या ट्रान्स पुरुषांना स्वतःला काय हवं असतं, ते मला सांगायचं आहे.

हाताच्या किंवा मांडीच्या त्वचेतून, रक्तवाहिन्या आणि नसांसकट, शिश्न घडवता येतं. मात्र रक्त भरून ताठ होणाऱ्या पोकळ्या त्यात नसतात. ताठरता हवी तर इम्प्लान्ट बसवावं लागतं, तेही बहुधा संवेदना परतल्यावर, वेगळ्या शस्त्रक्रियेनं. एक प्रकार वाकवता येणाऱ्या दांड्यांचा; मुंबईच्या डॉ. रूपिन शहांनी तसं भारतीय इम्प्लान्ट घडवलं. दुसरा पंपाचा, १९७३ पासूनचा. दोन्ही मुळात नपुंसकत्व आलेल्या पुरुषांसाठी. त्यांच्या शरीरात दांडीला धरून ठेवणारं चिवट आवरण असतं. ट्रान्स पुरुषाच्या घडवलेल्या शिश्नात ते नसतं, त्यामुळे दांडीचं बूड जांघेच्या हाडाला बांधावं लागतं. त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, दांडी सरकते, कधी त्वचा फाडून बाहेर येते. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात तिघांतल्या एकाहून अधिकांना गुंतागुंत झालेली दिसते.

तरीही काहींना ते हवंच असतं. जोडीदाराशी संभोग करताना काही बांधावं लागू नये, ही इच्छा अगदी रास्त आहे. काहीजण ठाम नको म्हणतात. उभं राहून लघवी करता येते, कपडे बदलताना लपावं लागत नाही. एवढं मिळवलेलं पुन्हा पणाला का लावायचं? शिवाय मूळचा संवेदनशील अवयव शस्त्रक्रियेत जपता येतो, त्यामुळे सुख इम्प्लान्टवर अवलंबून नसतं. आणि काहीजण निर्णय न घेता नुसते थांबतात. हे थांबणं मला फार शहाणपणाचं वाटतं, पण घरचे आणि कधी डॉक्टरही त्याला अर्धवट राहिलेलं काम समजतात.

मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषाची आठवण इथे करायलाच हवी. १९४६ ते १९४९ या काळात इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी शिश्न घडवण्यासाठी त्यांच्यावर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. पंपाचं इम्प्लान्ट तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. डिलन डॉक्टर झाले, बोटीवर नोकरी केली, पुढे बौद्ध साधक म्हणून भारतात राहिले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. त्यांच्या पुरुष असण्यात काय उणं होतं?

आता आपल्याकडचं बघा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाला प्रत्येक जादा शस्त्रक्रियेची रजा, पुण्याच्या फेऱ्या, बुडालेला पगार मोजावा लागतो. त्यानं सर्जनला थेट विचारावं: तुम्ही किती इम्प्लान्ट बसवलीत, त्यातली किती काढावी लागली, पंप बिघडला तर खर्च कोणाचा? जोडीदाराला सोबत न्यावं. आणि हे सगळं पहिल्या शस्त्रक्रियेआधीच विचारावं, कारण त्वचा कुठली घ्यायची, जाडी किती ठेवायची, नस जोडायची का, हे तेव्हाच ठरतं.